नवीन प्रेशर प्लेट टाकली, आता चालू गाडीत गिअरच पडत नाय

जुळे_सोलापूरकर :
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिलालोय, पण पूर्ण वाचा, अर्धवट लिहिलं की तुम्हीच परत दहा प्रश्न विचारता.

गाडी आमच्या आप्पांची. ८०० सीसीची छोटी हॅचबॅक, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, क्लच केबलचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाय, नाव आलं की निम्मे लोक गाडी विकून टाक म्हणतात आणि निम्मे त्यांच्याशी भांडत बसतात. ९४ हजार किमी झालेत आणि क्लच अजून पहिलाच होता. आप्पा डावा पाय कायम क्लचवर ठेवूनच गाडी चालवतात, सांगून सांगून थकलो, त्यांचं म्हणणं पाय ठेवायला दुसरी जागा कुठंय. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत होम मैदानापासून पार्क चौकापर्यंत पाऊण तास हाफ क्लचवर सरकत आणली आणि त्यानंतर क्लच घसरायला लागला. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्यात इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागेवरच, आणि तो करपल्याचा वास तुम्हाला माहितीच असेल.

मी चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला फिटर आहे. रोज गिअरबॉक्स उघडतो, मशीनचे का असेना, म्हणून म्हटलं गॅरेजला कशाला, आपणच करू. अक्कलकोट रोडला मावसभावाची शेड आहे, तिथं दोन रविवार घातले. बॅटरी काढली, गिअर ऑइल सोडलं, दोन्ही एक्सल, स्टार्टर, केबल, गिअरचा रॉड, रिव्हर्स लाइटची वायर सगळं सोडवलं, इंजिनला खालून लाकूड लावून जॅकवर घेतलं आणि गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली. प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) चेहरा निळा पडलेला आणि तिच्या मधल्या स्प्रिंगच्या बोटांची टोकं बेअरिंगनं खाऊन पातळ झालेली. फ्लायव्हीलवर (इंजिनच्या टोकाचं जड चाक) पण निळे डाग होते म्हणून ते बाहेर एका लेथवाल्याकडं देऊन फेसिंग मारून, म्हणजे पातळ थर काढून सपाट करून घेतलं, आमच्या कंपनीतल्या लेथवर ते बसत नाय. नवीन सेट आणला, म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही एकाच बॉक्समधले. सेंटरिंगसाठी नायलॉनचा डमी शाफ्ट मीच कंपनीत टर्न करून घेतला होता (सायबांना सांगून, चोरून नाय).

सगळं जोडलं. आता तमाशा असा : इंजिन बंद असताना पाचही गिअर आणि रिव्हर्स लोण्यासारखे पडतात. इंजिन चालू केलं की पहिला पडलाला नाय, जोर लावला की गाडी पुढं ढकलते, रिव्हर्सला तर खर्रर्र असा आवाज की शेजारचे बाहेर येतात. केबल ताणून बघितली, सैल करून बघितली, फरक नाय. घसरायचं मात्र थांबलंय. आणि एक, क्लच दाबून धरला की पेडलला पायाखाली बारीक थरथर लागते, ती पहिल्यापासून होती का आत्ताच लागली ते आठवत नाय.

क्लच प्लेटवर गिअरबॉक्स साइड लिहिलेली बाजू गिअरबॉक्सकडंच आहे, बसवताना फोटो काढलाय, तेव्हा प्लेट उलटी बसवली का हे कृपा करून कुणी विचारू नका.

आप्पांचा दर गुरुवारी अक्कलकोटला जायचा नेम आहे. दोन गुरुवार झाले एस.टी.नं जालालेत आणि घरात माझ्याशी बोललाले नायत.


शेंगाचटणी_कडकभाकरी :
प्लेट उलटी बसवलीस बे.


जुळे_सोलापूरकर :
वाचायला येतं का बे तुला.


शेंगाचटणी_कडकभाकरी :
😂 चिडतो कशाला. माझ्या मामाच्या टेम्पोला सेम असंच झालतं, गिअर पडत नव्हता, शेवटी प्लेट उलटीच निघाली. त्यानं पण शपथ घेऊन सांगितलं होतं. बरं ते राहू दे, पण गॅरेजला दिली असतीस तर एका दिवसात झालं असतं, पैशे किती वाचवलेस सांग की.


होटगी_रोड_स्पेअर :
माझं पार्ट्सचं काउंटर आहे म्हणून काउंटरच्या बाजूनं सांगतो. जुनी प्रेशर प्लेट अजून आहे का, का भंगारात घातली? असेल तर नवीनच्या शेजारी नाही ठेवता येणार, आता ती आत गेली, पण बॉक्सवरचा पार्ट नंबर बघून घ्या. एकाच गाडीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलला कधी कधी बोल्टची भोकं तंतोतंत जुळतात आणि मधल्या बोटांची उंची वेगळी असते. बसते म्हणजे तीच आहे असं नाही. गिऱ्हाईक येतं, नुसतं गाडीचं नाव सांगतं आणि म्हणतं द्या एक क्लच. आम्ही वर्ष विचारलं की वैतागतं. जुना माल पिशवीत घालून आणा हो, लाज कसली.

दुसरं, तिन्ही वस्तू एका सेटमधल्या आणल्या हे शंभर टक्के बरोबर केलं. कितीतरी लोक नुसती क्लच प्लेट बदलतात, प्रेशर प्लेट तीच ठेवतात, चार महिन्यांत परत गिअरबॉक्स उतरवतात. सामानापेक्षा उतरवायची मजुरीच जास्त असते.


जुळे_सोलापूरकर :
नंबर जुळवूनच घेतलाय. जुनी प्लेट शेडमध्येच पडलीय, तिच्या पत्र्याच्या कव्हरची उंची आणि बोटांची उंची दोन्ही बसवायच्या आधी व्हर्नियरनं मोजली होती. नवीनची बोटं थोडी वेगळी दिसली, पण जुनीची झिजलेलीच होती म्हणून सोडून दिलं.


पाना_चौदा :
मी एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस, आयुष्यभर मोठ्या गाड्यांचे क्लच केले, छोट्या गाड्या आता हौसेनं करतो. सगळं वाचलं. बाळा, तू लिहिलेल्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटी, जाता जाता लिहिलीस. पेडलची थरथर. त्याच्याकडं नंतर येतो.

आधी एक समजून घे, कारण फिटर आहेस, समजलं की पुढचं तूच करशील. प्रेशर प्लेटीतली डायफ्रॅम स्प्रिंग म्हणजे उथळ ताटलीसारखा पोलादी पत्रा, मधून चिरलेला, म्हणून आत बोटं तयार होतात. तिची बाहेरची कड ओतीव प्लेटीवर (आतली जाड, क्लच प्लेटला दाबणारी) बसते आणि कव्हरमधल्या रिंगवर ती डुलते, सी-सॉ डुलतो ना तशी. पेडल दाबलं की बेअरिंग बोटं आत ढकलतं, बाहेरची कड उलटीकडं उचलते, आणि ओतीव प्लेट क्लच प्लेटवरून सुटते. ही सुटते किती? एक-दीड मिमी, लई झालं तर दोन. त्यातच क्लच प्लेटला दोन्ही बाजूंनी मोकळं व्हायचंय. म्हणजे कुठंतरी अर्धा मिमी जरी गेला तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि तुझ्यासारखं होतं, बंद इंजिनात गिअर पडतो, चालूत पडत नाही.

आता कारणं तीन-चारच उरतात. केबलचा प्रवास कमी पडतोय, किंवा क्लच प्लेट वाकलीय, किंवा प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) अडकतेय, किंवा कव्हरच वाकडं बसलंय. केबल तू बघितलीस म्हणतोस, तरी बाहेरचा आर्म मोज : पेडल पूर्ण दाबल्यावर गिअरबॉक्सवरचा लिव्हर किती सरकतो. पेडलला वर फ्री प्ले (दाब जाणवायच्या आधीची मोकळी चाल) साधारण १५ ते २५ मिमी ठेव, तुझ्या गाडीच्या मॅन्युअलात जे असेल ते खरं.

मग ही टेस्ट कर, गिअरबॉक्स न उतरवता होते. इंजिन बंद. हँडब्रेक लाव, मागच्या चाकांना दगड लाव. पुढचं एकच चाक वर उचल, दोन्ही नको, दोन्ही उचललीस तर डिफरन्शिअलमुळं एक चाक पुढं फिरेल, दुसरं मागं, आणि तुला काहीच कळणार नाही. घोडी लाव, नुसत्या जॅकवर हात घालू नको. चौथ्या गिअरात टाक, कुणालातरी क्लच पूर्ण दाबून बसव, आणि उचललेलं चाक हातानं फिरव. पहिल्यात टाकलंस तर हाताला फार जड लागेल. चाक हलकं फिरलं तर क्लच सुटतोय, दोष दुसरीकडं. फिरताना जड-हलकं, जड-हलकं असं झालं तर क्लच प्लेट वाकलेली, कारण तीच फिरतेय. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी इनपुट शाफ्टवर लटकलं तरी प्लेट मधे वाकते. आणि सगळीकडं सारखंच जड लागलं तर प्लेट बिचारी सरळ आहे, कव्हरकडं बघ.


शेंगाचटणी_कडकभाकरी :
काका ते एकच चाक उचलायचं कुणी सांगितलंच नव्हतं कधी, मान गये.


प्राजक्ता_विजापूररोड :
मधेच घुसतेय, माफ करा. माझी पण छोटी केबलवालीच गाडी आहे, ६१ हजार झालेत. क्लच इतका जड झालाय की सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं की पिंढरी भरून येते. घसरत नाही, गिअर नीट पडतात. गॅरेजवाला म्हणतोय पूर्ण क्लच सेट बदला. खरंच लागतो का?


पाना_चौदा :
ताई, आधी केबल. गिअरबॉक्सच्या बाजूनं केबल लिव्हरवरून सोडायला सांगा आणि मोकळं पेडल दाबून बघा. तरी जड लागलं तर दोष केबलीत नाहीतर पेडलच्या बुशीत, सेटचा काही संबंध नाही. मोकळं केल्यावर पेडल हलकं झालं तर दोष खालच्या बाजूला, मग लिव्हरचा शाफ्ट सुकलाय का बघायचं आणि त्यानंतर प्रेशर प्लेट. झिजलेल्या प्लेटीनं पेडल जड होतं हेही खरं आहे, पण केबल बदलायला अर्धा तास आणि सेटला अख्खा दिवस, त्यामुळं स्वस्त गोष्ट आधी. आणि सिग्नल लांबचा असेल तर न्यूट्रल करून पाय काढून बसा.


होटगी_रोड_स्पेअर :
ताई केबल घेताना जुन्या केबलची लांबी जुळवून घ्या आणि बसवताना ती पहिल्या वाटेनंच ओढायला सांगा. तीव्र वळण पडलं की नवीन केबल पण जडच लागते. (धंदा सेटमध्ये जास्त आहे तरी खरं सांगतोय, नोंद घ्या 😄)


जुळे_सोलापूरकर :
काका टेस्ट केली. काल संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर. मावसभावाला क्लचवर बसवलं, तो दर दोन मिनिटांनी विचारत होता झालं का झालं का. चाक फिरतं, पण जड, आणि सगळीकडं सारखंच जड, कुठं जास्त कुठं कमी असं नाय. क्लच सोडला की अजिबात फिरत नाय, म्हणजे थोडा तरी सुटतोय. लिव्हरचा प्रवास पण मोजला, मॅन्युअलात जेवढा पाहिजे तेवढा आहे.

म्हणजे कव्हर?


पाना_चौदा :
म्हणजे कव्हर. आता थरथरीकडं ये. क्लच दाबला की बेअरिंग बोटांना चिकटतं आणि फिरणाऱ्या बोटांची उंची सारखी नसेल तर बेअरिंग पुढंमागं हलतं, ती थरथर केबलीतून तुझ्या पायाला येते. कव्हर एका बाजूला अर्धा मिमी जरी उचललेलं असलं तरी डुलायची रिंग त्या बाजूला उचलली जाते, ओतीव प्लेट मात्र सपाट दाबलेलीच असते, त्यामुळं बोटाच्या टोकाला तो फरक तिप्पट-चौपट होऊन दिसतो. त्या बाजूची बोटं बेअरिंगला आधी लागतात, समोरच्या बाजूची उशिरा, आणि समोरच्या बाजूला प्लेट सुटायच्या आत पेडल तळाला टेकतं.

खात्री करायची असेल तर स्टार्टर काढ, त्या भोकातून आत बघता येतं, खालचं पत्र्याचं झाकण असेल तर तेही काढ. स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरव, फिरतं त्याच दिशेनं. बोटांची टोकं बघत राहा. थोडी हलणं ठीक, जपानी गाड्यांच्या मॅन्युअलात साधारण अर्धा मिमीपर्यंत फरक चालवतात. डोळ्याला डुलताना दिसली तर परत उतरवायचं, दुसरा इलाज नाही.

आणि खरं सांग, सहा बोल्ट कसे आवळलेस?


जुळे_सोलापूरकर :
कंपनीतला तो पाइपमध्ये घालायचा बारीक कॅमेरा आणला आणि बघितलं. डुलतायत काका. चांगली दीड-दोन मिमी. व्हिडिओ आप्पांना पण दाखवला, ते म्हणाले मला काय दाखवतोस, तूच बसवलंयस.

बोल्ट... आता लपवून काय उपयोग. समोरासमोरचे आवळले, टॉर्क रेंच लावला, ते सगळं केलं. पण कव्हर ठेवताना एक बाजू फ्लायव्हीलवर पूर्ण बसत नव्हती, किंचित फट होती. मी म्हटलं नवीन माल आहे, घट्ट असणार, बोल्टनं ओढला की बसेल. त्या बाजूचे दोन बोल्ट आधी आवळून ओढून घेतला आणि मग बाकीचे क्रॉसमध्ये. दुपारचे दोन वाजलेले, पत्र्याची शेड, वर सोलापूरचा एप्रिल, डोकं चाललालं नव्हतं असं समजा.


पाना_चौदा :
हां. आता बोललास.

बोल्ट हे कव्हर बसवायला नसतात, बसलेलं कव्हर धरून ठेवायला असतात. हातानं दाबल्यावर ते स्प्रिंगच्या ताणानं चारी बाजूंनी सारखं उचललेलं दिसलं पाहिजे, एकाच बाजूला फट म्हणजे खाली काहीतरी आहे. लेथवरून आणलंस ना फ्लायव्हील, मग लोकेटिंग पिना बघ. कव्हर मधोमध बसावं म्हणून फ्लायव्हीलवर त्या असतात.


लेथ_अण्णा :
पिनेचं नाव निघालं म्हणून लिहायलाच पाहिजे, ३० वर्षं लेथवर आहे. फ्लायव्हील फेसिंगला आलं की पिना आधी काढाव्या लागतात, नाहीतर टूल त्यांना धडकतं. काही पोरं काय करतात, पिन पकडून हातोडीनं डावीउजवीकडं हाणून सैल करतात, आणि परत घालताना पोलादी हातोडीनंच ठोकतात. पिनेचं डोकं फुलतं, छत्रीसारखं. डोळ्याला दिसत नाय, मिलिमीटरचे दोन-तीन दशांशच असतंय, पण कव्हरचं भोक पिनेवर मापात बसतंय, तिथं फुललेलं डोकं अडकतंय. मागून भोक आरपार असेल तर मागून पंच लावायचा. परत घालताना पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी). आणि डोक्याच्या कडेला बारीक उतार पाहिजे, नसेल तर फाइलनं करायचा. आम्ही जुनी पिन खराब दिसली की गिऱ्हाईकाला सांगतो नवीन आण.

अजून एक, कुणी विचारलं नाय तरी सांगतो. काही फ्लायव्हीलला दोन पातळ्या असतात, क्लच प्लेट घासते ती एक आणि कव्हर बसतं ती दुसरी. नुसती घासायची बाजू फेसिंग केली आणि कव्हरची तशीच ठेवली तर प्लेट आत जाते, दाब कमी पडतो, आणि नवीन क्लच घसरतो. दोन्ही पातळ्या सारख्याच काढायच्या, पायरी होती तेवढीच राहिली पाहिजे. तुमचं सपाट असेल तर प्रश्न नाय. आणि काही डिझेल गाड्यांचं ड्युअल मास फ्लायव्हील कुणी लेथवर आणलं तर मी हातच लावत नाय, आत स्प्रिंगा असतात त्याला.


शेंगाचटणी_कडकभाकरी :
अण्णा तुमचा पत्ता द्या राव, आमच्या मामाचा टेम्पो पाठवतो.


लेथ_अण्णा :
मामाला म्हणावं आधी प्लेट सुलटी बसव.


जुळे_सोलापूरकर :
आज तिसरा रविवार. उतरवला गिअरबॉक्स. आता हात इतका बसलाय की साडेतीन तासात खाली आला, पहिल्यांदा अख्खा दिवस गेला होता.

पिनच निघाली. तीन पिना, त्यातल्या एकीचं डोकं फुललेलं, बोट फिरवलं तर कड नखाला लागते. कव्हर त्या पिनेवर वरच अडकलेलं. सगळे बोल्ट पूर्ण टॉर्कला असताना पण पिनेपाशी कव्हरच्या खाली ०.४० मिमीची फीलर पत्ती (फट मोजायची) आत गेली, बाकी पाच ठिकाणी ०.०५ ची पण जात नव्हती. आणि मी ज्या दोन बोल्टांनी ओढलं तिथं कव्हरचा काठ वाकलाय. सपाट काचेवर ठेवलं तर डुलतंय. म्हणजे चूक लेथवाल्याची पाव आणि माझी पाऊण.

कव्हर सरळ करता येईल का?


पाना_चौदा :
नाही. पत्रा वाकलाय म्हणजे आतल्या पट्ट्यांवर पण ताण आला असणार, कव्हर आणि ओतीव प्लेट ज्या पातळ पट्ट्यांनी जोडलेली असते त्या. ठोकून सरळ दिसेल आणि हजार किमीनं परत इथंच येशील. प्रेशर प्लेट नवीन घे. क्लच प्लेट चांगली आहे, तिला तेल लागलं नसेल तर तीच घाल. बेअरिंग हातानं फिरवून बघ, गुळगुळीत असेल तर राहू दे.


होटगी_रोड_स्पेअर :
सुटी प्रेशर प्लेट मिळते, पण त्याच बनावटीची घ्या, सेटमधली जी आहे तीच. आणि परत येताना फुललेली पिन पण घेऊन या, मापाची बघून देतो.


जुळे_सोलापूरकर :
झालं!!! कुणाच्यातरी कामाला येईल म्हणून सगळं लिहितो.

तिन्ही पिना नवीन टाकल्या, पितळी ड्रिफ्टनं, कडेला उतार केला, आणि नुसतं मोकळं कव्हर प्रत्येक पिनेवर हातानं चढवून-उतरवून बघितलं, कुठं अडकत नाय याची खात्री झाल्यावरच पुढं गेलो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटीच्या तोंडाला गंज लागू नये म्हणून कंपनीकडून तेलाचा पातळ थर लावून येतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसला, कोरड्या स्वच्छ फडक्यानं परत पुसला. पहिल्या वेळी मी हे पेट्रोलनं केलं होतं, चालतं, पण शेडमध्ये मावसभाऊ बिडी ओढतो म्हणून यावेळी नको म्हटलं. घंटीच्या (गिअरबॉक्सचं क्लचवरचं आवरण) आतली जुनी काळी धूळ हवेच्या प्रेशरनं न उडवता ओल्या फडक्यानं काढली, जुन्या लायनिंगच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जायला नको.

इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला बोटाच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस, प्लेट दोन-तीनदा सरकवून जे बाहेर आलं ते पुसून टाकलं, जास्त ठेवलं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. गिअरबॉक्सच्या पुढचा ऑइल सील आणि क्रँकचा मागचा सील दोन्ही कोरडे होते, बघून घेतले, तिथून तेल गळत असेल तर नवीन प्लेट पण थोड्या दिवसांत झटके देणार.

प्लेट डमी शाफ्टवर, गिअरबॉक्सची बाजू गिअरबॉक्सकडं (हो शेंगाचटणी, परत बघितलं). कव्हर ठेवलं, सहाही बोल्ट हातानं लागतील तेवढे लावले, मग समोरासमोर प्रत्येकाला अर्धाच फेरा, परत पुढच्या जोडीला अर्धा. प्रत्येक राउंडला चारी बाजूंची फट डोळ्यानं बघत होतो, सारखी कमी कमी होत गेली आणि शेवटी सगळीकडं एकदमच मिटली. पहिल्यांदा केलं तेव्हा असं झालंच नव्हतं, आता कळतंय. टॉर्क आमच्या मॅन्युअलप्रमाणं, या मापाच्या बोल्टना बहुतेक छोट्या गाड्यांत २० ते २५ न्यूटन मीटरच असतो, हत्तीसारखा जोर लावायची गरजच नाय. फीलर पत्ती घेऊन सहाही ठिकाणी फिरलो, कुठंच आत जात नाय. डमी शाफ्ट बाहेर काढला तर हातानं सहज निघाला, म्हणजे सेंटर बरोबर.

गिअरबॉक्स यावेळी ट्रॉली जॅकवर बांधून वर घेतला, शाफ्ट स्प्लाइनमध्ये जाईना तर ढकललं नाय, मावसभावाला पुलीचा बोल्ट किंचित फिरवायला सांगितला, आणि तो आपोआप आत गेला. दोन बोल्ट हातानं पूर्ण लागेपर्यंत जॅक काढला नाय. पहिल्या वेळी आम्ही दोघांनी छातीवर घेऊन चढवला होता, प्लेट वाकली नाय हे नशीबच. एक्सलचे सील नवीन टाकले, गिअर ऑइल लेव्हल भोकातून गळेपर्यंत भरलं, केबलला २० मिमी प्ले ठेवला.

चालू केली, क्लच दाबला, पहिला असा पडला की मी परत न्यूट्रल करून परत टाकून बघितला. रिव्हर्सला पण आवाज नाय. थरथर गेली. आसरा चौकापासून विजापूर रोडनं सैफुलपर्यंत एक चक्कर मारली, मुद्दाम प्रत्येक स्पीडब्रेकरवर पहिला टाकत गेलो.


पाना_चौदा :
शाब्बास. आता ५००-७०० किमी जोरात सोडू नको, ओझं ओढू नको, घाटात हाफ क्लचवर गाडी धरू नको. लायनिंग आणि दोन्ही चेहरे एकमेकांना बसू दे. मग फ्री प्ले परत एकदा मोज, नवीन प्लेटीत पहिल्या पहिल्यांदा थोडा बदलतो.


प्राजक्ता_विजापूररोड :
अभिनंदन! आणि काका, माझी केबलच निघाली. आतून तार तुटायला आली होती, चार-पाच धागेच शिल्लक होते. पेडल आता एकदम हलकं. सेटचे पैसे वाचले.


होटगी_रोड_स्पेअर :
वाचले म्हणजे माझे गेले, चालायचंच 😄


शेंगाचटणी_कडकभाकरी :
दोन प्रेशर प्लेटा, तीन रविवार, सील, ऑइल, पिना. आता हिशोब सांग, गॅरेजपेक्षा किती वाचले?


जुळे_सोलापूरकर :
दोनशे-अडीचशे वाचले असतील बे. आणि मावसभावाला मटण खिलवायचं राहिलंय, ते धरलं तर तोटाच.

काल गुरुवार होता, आप्पांना अक्कलकोटला घेऊन गेलो, जाताना मी चालवली, येताना ते म्हणाले दे इकडं. वळसंगपर्यंत बघत होतो, डावा पाय क्लचवरच. मी काय बोललो नाय. आता डाव्या बाजूला पाय ठेवायला पत्र्याचा छोटा फूटरेस्ट बनवलालोय, रविवारी बसवतो. कुणाकडं बसवलेल्याचा फोटो असेल तर टाका, माप पाहिजे.